आपल्या भाषेतून आपल्याच भाषेत

माणूस आपल्या गावात एकटा आजारी पडू शकतो; परदेशात जाऊन त्याला तसं करता येत नाही. तिथल्या मोठ्या रुग्णालयांचा नियम आहे की, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाबरोबर एक 'सोबती' असलाच पाहिजे. सोबती सज्ञान असावा, धडधाकट असावा आणि रुग्णाशी त्याचं नातं असावं. (नातं चांगलं असावं असं कुठेही म्हटलेलं नाही. तशी अट घातली असती तर रुग्णालयं ओस पडली असती.)

अण्णांच्या हृदयाची झडप गळायला लागली, तेव्हा तीन मुलांपैकी सोबती कोणी व्हायचं हे ठरवायला फोनवर कौटुंबिक बैठक भरली. खरं तर हेच ऑपरेशन अण्णांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होत होतं, आणि ते करणारा सर्जन आपल्या पँटी अण्णांकडूनच शिवून घेत असे. पण थोरल्याच्या कंपनीचा विमा परदेशातही चालत होता, आणि चालतोय तर चालवू नये का, या मुद्द्याला कोणाकडे उत्तर नव्हतं. शिवाय 'अण्णांना तिकडे नेलंय' हे वाक्य 'अण्णांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ठेवलंय' या वाक्यापेक्षा भारदस्त वाटतं. हे ताईने बोलून दाखवलं नाही, पण बैठकीत सगळ्यांना ऐकू आलं.

थोरला हा निर्णय घेणारा माणूस असल्यामुळे त्याला जागचं हलता येत नव्हतं. ताईच्या मुलीची परीक्षा होती. (ती नेहमीच असते.) उरला धाकटा. त्याच्याकडे पासपोर्ट होता आणि न जायला पुरेसं कारण नव्हतं.

"तूच जा रे," थोरला म्हणाला. "तुझं आणि अण्णांचं छान जमतं. तुमचा कधी वाद झालेला ऐकला नाही मी."

हे अगदी खरं होतं. धाकट्याचा आणि अण्णांचा वाद कधीच झाला नव्हता, कारण वाद घालायला बोलावं लागतं.

अण्णा टेलर होते. उभा जन्म त्यांनी गल्लीतल्या एका अरुंद दुकानात पुरुषांचे कोट, शर्ट आणि पँटी शिवल्या. थोरला आकडेमोडीत हुशार निघाला, ताई लग्न होऊन गेली, तेव्हा दुकान धाकटा चालवणार असं सगळं गाव धरून चाललं होतं. धाकटा एका चार मजली काचेच्या दुकानात तयार कपड्यांच्या विभागाला लागला आणि चढत चढत त्याचा व्यवस्थापक झाला. टेलरच्या पोराने तयार शर्ट विकायचे, म्हणजे बापाच्या गल्ल्यासमोर उभं राहून गिऱ्हाईक पळवण्यासारखंच. अण्णांनी यावर कधी एक शब्द काढला नाही. त्या न काढलेल्या शब्दाचा अर्थ लावण्यात धाकट्याची वीस वर्षं गेली.

विमानात दोघांचं जे संभाषण झालं ते संपूर्ण देता येण्याजोगं आहे.

"खिडकी?"

"नको."

रुग्णालय नावाजलेलं होतं. दर्शनी भागात माशांची काचपेटी होती, झाडं होती, आणि ती झाडं खरी आहेत असं सांगणारी पाटीही होती. माहितीपत्रकात म्हटलं होतं की, इथल्या शंभरपैकी अठ्ठ्याण्णव रुग्णांनी उपचारांबद्दल पूर्ण समाधान व्यक्त केलं आहे. (उरलेल्या दोघांचा अभिप्राय मिळू शकला नाही.) पोचल्या पोचल्या अण्णांच्या मनगटावर निळी पट्टी बसली आणि धाकट्याच्या मनगटावर नारिंगी. त्याला सोबत्याची कर्तव्यं समजावून सांगण्यात आली. त्याने हसतमुख राहायचं. रुग्णासमोर आजाराचा विषय काढायचा नाही आणि टाळायचाही नाही. रुग्णाच्या देखत रडायचं नाही. रडायचंच असेल तर तळमजल्यावर त्यासाठी वेगळी खोली आहे. खोलीत कागदी रुमाल आहेत आणि भिंतीवर धबधब्याचं चित्र आहे.

अण्णांना रुग्णालयाचा झगा देण्यात आला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, शिवण बोटाने चाचपली.

"मागची बाजू लावायची विसरलेत," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. खोलीत धाकटा होता, पण त्याच्याशी थेट बोलायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुभाषी बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात ओळखपत्र, पायांत आवाज न करणारे बूट. आपली भाषा त्या विद्यापीठात शिकल्या होत्या, त्यामुळे ती इतकी शुद्ध होती की आपल्यापैकी कोणीही तशी बोलत नाही.

"नमस्कार. यापुढे मी आपले बोलणे वाहून नेईन," त्या म्हणाल्या.

अण्णांनी धाकट्याकडे पाहिलं. घर सोडल्यापासून त्यांनी त्याच्याकडे पाहण्याची ही पहिलीच वेळ होती.

नर्स रक्तदाब घेत होती. अण्णा छताकडे बघत पुटपुटले, "ह्याला म्हणावं, ती खिडकी लाव."

बाईंनी ते नर्सला तिच्या भाषेत सांगितलं. मग त्या धाकट्याकडे वळल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "ती खिडकी तू बंद करावीस, अशी माझी इच्छा आहे."

"कळलं मला," धाकटा म्हणाला. "आमची दोघांची भाषा एकच आहे."

"तसं सगळेच म्हणतात," बाई म्हणाल्या.

त्यांनी नियम समजावला. मागे एका कुटुंबाने आपसातल्या भाषेत 'फक्त रक्त तपासायचंय' असं सांगून आजोबांना टेबलावर झोपवलं होतं, आणि आजोबांनी शुद्धीवर आल्यावर पोटावरच्या टाक्यांबद्दल खुलासा मागितला होता. तेव्हापासून, खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द हजर असलेल्या प्रत्येकापर्यंत दुभाष्यामार्फतच पोचेल, असं ठरलं. भाषा कुठली याचा नियमात उल्लेख नव्हता, आणि नियमात जे नाही त्याचा अपवाद कसा करणार? दुसरा नियम असा की, दुभाष्याने बोलणाऱ्याच्या वतीने 'मी' म्हणायचं. त्यामुळे बाई अण्णांच्याही वतीने 'मी' म्हणत, धाकट्याच्याही वतीने 'मी' म्हणत, आणि दिवसभरात त्यांच्या स्वतःच्या वाट्याला क्वचितच एखादा 'मी' येई.

तसं पाहिलं तर धाकट्याच्या घरात हे पद पूर्वीपासून होतं. आई होती तोवर तीच ते सांभाळत असे. अण्णा आईला सांगत, आई धाकट्याला सांगे; धाकटा आईला सांगे, आई अण्णांना. तिघं एकाच ताटाशेजारी बसलेले असले तरी मार्ग हाच. आई गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करायचं, यावर ताईने तीन वेळा सगळ्यांना बसवलं. हे पद रिकामं झालंय, याकडे मात्र कोणाचंच लक्ष गेलं नाही.

फरक एवढाच की, आई हे काम काटछाट करून करत असे. याचा उलगडा धाकट्याला तिसऱ्या दिवशी झाला. अण्णा म्हणाले, "हा गाढवासारखा उभा का राहिलाय? बस म्हणावं."

"तू गाढवासारखा उभा का राहिला आहेस? बस," बाई म्हणाल्या.

धाकटा बसला. आईने याचं 'अण्णा म्हणतायत, दमला असशील, बस जरा' असं केलं असतं. लहानपणापासून ऐकलेले 'दमला असशील' त्याने एकेक करून आठवून पाहिले आणि त्यातले बरेचसे मनातल्या मनात गाढवाच्या खाती वळते केले. आश्चर्य म्हणजे त्याला वाईट वाटलं नाही. तो खरोखरच गाढवासारखा उभा होता.

पण आईच्या कात्रीत दुसऱ्या बाजूचं कापडही गेलं होतं. त्याच दुपारी अण्णा बाईंना म्हणाले, "ह्याची मान बघा कशी धरलीय. खुर्चीत झोपतो मेला. एखादी उशी द्यायला सांगा ह्याला."

बाईंनी नर्सकडे उशी मागितली आणि धाकट्याकडे वळल्या. "तुझी मान अवघडली आहे. मला ते पाहवत नाही."

"पाहवत नाही, असं नाही म्हणाले ते."

"उशी मागितली," बाई म्हणाल्या. "शब्द न्यायचे की अर्थ न्यायचा, हे नियमावलीने माझ्यावर सोपवलं आहे."

उशी आली. इकडे फोनवरच्या 'मिशन अण्णा' या ग्रुपमध्ये ताईची मागणी होती की, रोज सकाळ-संध्याकाळ अण्णांचा एक फोटो यावा आणि त्यात ते हसत असावेत. अण्णा घरीही कधी हसताना सापडले नव्हते. पण परदेशात सुविधा चांगल्या असतात, असा ताईचा मुद्दा होता. धाकट्याने उशीचा फोटो पाठवला. त्यावर थोरल्याने अंगठा दाखवला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीची बैठक झाली. टेबलाभोवती सर्जन, अण्णा, धाकटा आणि बाई होते. थोरला पडद्यावर होता. सर्जन हा बोटं लांब आणि वाक्यं आखूड असलेला माणूस होता. त्याने छातीचं चित्र काढून दाखवलं, कुठे कापणार ते दाखवलं.

"शिवताना टाका कुठला घालणार?" अण्णांनी विचारलं.

ते सर्जनपर्यंत पोचलं. उत्तर आलं, "ते माझ्यावर सोडा."

अण्णांनी मान डोलावली. नवख्या गिऱ्हाइकाला तेही हेच सांगत आले होते.

मग सर्जनने विचारलं की, तुम्ही शुद्धीत नसताना काही ठरवायची वेळ आली तर कोणी ठरवायचं? पडद्यावर थोरल्याने घसा साफ केला.

"हा," अण्णा म्हणाले, आणि हनुवटीने धाकट्याकडे दाखवलं.

"अण्णा, दादाला असू दे ना," धाकटा घाबरून म्हणाला. "मला नाही कळत त्यातलं."

बाईंनी हे दोन्ही भाषांत रीतसर पोचवलं. सर्जनने कारण विचारलं. तशी कागदावर जागा होती. अण्णा म्हणाले, "थोरला झटपट निर्णय घेतो. हा शर्टाचा रंग ठरवायला अर्धा दिवस लावतो. हा मला घाईघाईने मरू देणार नाही."

पडद्यावरचा थोरला काहीतरी बोलला, पण नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं आणि तो तोंड उघडं ठेवून स्थिर झाला. बैठकीचा उरलेला वेळ तो तसाच हजर होता.

शेवटी सर्जनने, विचारायचं असतं म्हणून, विचारलं की रुग्णाला आणि सोबत्याला एकमेकांना आणखी काही सांगायचं आहे का. अशा वेळी सगळे 'नाही' म्हणतात. तो उठायच्या बेतात होता.

धाकटा बाईंकडे बघून म्हणाला, "त्यांना विचारा, मी दुकान घेतलं नाही त्याचा राग आहे का."

सर्जन पुन्हा बसला. बाईंनी आधी त्याला सांगितलं, मग अण्णांकडे वळून विचारलं, "मी आपलं दुकान पुढे चालवलं नाही, याचा आपल्याला राग आहे का?"

अण्णा चकित झाले. "दुकान? ह्याला कोण देत होतं दुकान? ह्याच्या हाताला घाम येतो! शाळेत असताना एका नवरदेवाच्या कोटाला हात लावलान, पाचही बोटं उमटली रेशमावर. वरात दारात आणि मी फडकं घेऊन कोट पुसतोय. मीच ह्याच्या आईला सांगितलं, ह्याच्या डोक्यात दुसरं काहीही खूळ घाल, पण ह्याला दुकानापासून लांब ठेव."

बाईंनी हे सगळं नेलं, घामासकट. धाकट्याला आठवलं की, 'मोठ्या दुकानात नोकरी बघ, तुझं व्यक्तिमत्त्व छान आहे' असं आई आठवडाभर म्हणत होती.

"मला तर वाटायचं," अण्णा आता छताकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते, "हा काचेच्या दुकानात टाय लावून उभा असतो, आणि बाप गल्लीत मशीन मारतो, म्हणून ह्यालाच लाज वाटते माझी. इकडे फिरकायचाच नाही."

"मी फिरकत नव्हतो कारण मला वाटायचं तुम्ही..." धाकटा म्हणाला, आणि बाई वाक्य पुरं होण्याची वाट पाहत थांबल्या. अर्धं वाक्य न्यायचं नाही, असाही नियम होता. वाक्य काही पुरं झालं नाही. वीस वर्षं निगुतीने सांभाळलेला अपराध मिनिटभरात निकामी झाला होता, आणि एवढी मोठी वस्तू आता ठेवायची कुठे, हे त्याला सुचत नव्हतं.

सर्जनने निरोप घेताना धाकट्याशी हात मिळवला. मग त्याने आपला हात हळूच कोटाला पुसला.

ऑपरेशनच्या दिवशी धाकटा प्रतीक्षालयात बसला. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक रुग्णाचा क्रमांक होता: 'तयारी'साठी पिवळा, 'सुरू'साठी निळा, 'पूर्ण'साठी हिरवा. लाल रंग दिलेला नव्हता. रुग्णालयाला तो निराशाजनक वाटला होता. अण्णांचा क्रमांक निळा झाला आणि बराच वेळ निळाच राहिला. त्यांच्या नंतरचे दोन हिरवे होऊन निघूनही गेले.

मग दार उघडलं. एक सहायक डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली ओढत आला. बाई सोबत होत्या. झडप अंदाजापेक्षा जास्त खराब आहे, त्याने सांगितलं. आहे तीच दुरुस्त करता येईल, लवकर उरकेल, पण किती टिकेल सांगता येत नाही. बदलायची तर वेळ लागेल, आणि या वयात वेळ लागणं हाही धोकाच. सोबत्याने सांगावं.

धाकट्याने थोरल्याला फोन लावला. थोरला म्हणाला, "दोन्हींचे फायदे-तोटे मला मेल कर, संध्याकाळपर्यंत बघतो." त्याने ताईला लावला. ताई म्हणाली, "तू काही ठरवू नकोस हं, मी आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारते." ते डॉक्टर फोन घेत नव्हते, ते तेव्हा हेच ऑपरेशन करत होते.

"बाई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मला मत नसतं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र तेवढा सरावलेला नव्हता.

"बदला," धाकटा म्हणाला.

ते एका शब्दात पलीकडच्या भाषेत गेलं. दार बंद झालं. आपण हे बोललो, हे धाकट्याला त्यानंतर कळलं. त्याच्या तळव्यांना एवढा घाम सुटला की हातातला फोन निसटून खाली पडला. तो जिने उतरून तळमजल्यावरच्या त्या खोलीपाशी गेला. खोलीबाहेर रांग होती. दाराच्या काचेतून धबधबा पाहून तो परत आला, आणि निळ्या आकड्यासमोर बसून राहिला. आकडा हिरवा झाला तेव्हा त्याने शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्या माणसाचा आकडा अजून पिवळा होता, पण त्याने काही मनावर घेतलं नाही.

अण्णा बोलू लागले ते दुसऱ्या दिवशी. काय काय झालं ते बाईंनी त्यांना सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि बारीक आवाजात विचारलं, "ठरवायला किती वेळ लावलान?"

"त्यांनी लगेच सांगितलं," बाई म्हणाल्या.

"लगेच?" अण्णांनी उठायचा प्रयत्न केला, नर्सने त्यांना धरलं. "मग मी ह्याला निवडला कशाला? लगेच तर थोरल्यानेही सांगितलं असतं!"

हे सर्वांपर्यंत पोचवून बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तेवढ्यात अण्णा धाकट्याकडे वळून म्हणाले, "बरं केलंस."

बाईंच्या तोंडात पाणी होतं, त्यामुळे हे वाक्य नियमानुसार कोणापर्यंत पोचलं असं म्हणता येत नाही.

महिनाभराने दोघं घरी आले. भेटायला येणारे अण्णांना 'आराम करा' म्हणत आणि धाकट्याला तिकडचे रस्ते किती स्वच्छ असतात ते विचारत. (धाकट्याने तिकडचा एकच रस्ता पाहिला होता. तो स्वच्छ होता.) पाहुणे ओसरले, आणि मग पंचाईत झाली. संध्याकाळी काचेच्या दुकानातून परतताना धाकटा अण्णांकडे जायचा, दोघं समोरासमोर बसायचे, आणि काय बोलावं हे दोघांनाही कळायचं नाही. सांगायचं भरपूर होतं; न्यायला कोणी नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णांनी दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. जरा घुटमळले. मग खुर्चीला म्हणाले, "ह्याला विचारा, चहा घेणार का."

धाकट्यानेही खुर्चीकडे पाहिलं. "सांगा त्यांना, अर्धा कप. आणि म्हणावं, मी करतो, तुम्ही उठू नका."

"उठू नका काय! म्हणावं, झडप नवीन आहे, बाकी माणूस जुनाच आहे."

तेव्हापासून त्यांचं उत्तम चाललं आहे. खुर्चीमार्फत त्यांचं रोज तासभर बोलणं होतं; गेल्या आठवड्यात तर तयार शर्टांच्या कॉलरवरून कडाक्याचा वादही झाला, आणि दोघांनी खुर्चीला मध्ये पडू नका म्हणून बजावलं. ताईने हा प्रकार दारातून पाहिला तेव्हा तिने तोंडावर हात दाबला आणि गुपचूप थोरल्याला फोन लावला. अण्णांना भूल जास्त झाली असावी, असं दोघांचं मत पडलं. धाकट्याला काय झालंय यावर मात्र एकमत व्हायचं आहे. त्यासाठी बैठक ठेवली आहे.

रिकाम्या खुर्चीशी बोलणाऱ्या या दोघांना वाचकांनी खुशाल हसावं. वाचकांच्या घरातली खुर्ची बहुधा अजून रिकामी नाही. तुम्ही हे वाचत असतानाच ती आतून येऊन म्हणाली असेल, "बाबा विचारतायत, जेवायचं ना?" बाबांनी नेमकं काय आणि कोणत्या शब्दांत विचारलं, ते आतल्या खोलीत जाऊन त्यांच्याच तोंडून ऐकता येईल. चार पावलांवर तर आहे.

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सांग त्यांना, पाच मिनिटांत."